ऋषिऋण आणि वाचक

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे घेऊनच, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेविले आहे. देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने फिटते. ज्यांनी आपल्यासाठी विचार केला व ग्रंथ रचिले, त्यांचे ऋण नुसत्या स्तुतीने फिटत नाही, हा यातील मर्माचा भाग होय. लेखक निवर्तला म्हणजे शोकसभा भरते, गौरवाची भाषणे होतात आणि चार दिवसांनी सर्व शांत होते. वाचकाचे कर्तव्य एवढ्यानेच संपते काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे अमेरिकेतील विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या उदाहरणावरून करणार आहोत.

बटलरबाईंचा जन्म २२ जून १९४७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील बूटपॉलिश करीत. मुलगी लहान असतानाच ते वारले. आई गोऱ्या लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी. त्या घरांत तिला मागील दारानेच जावे लागे. मालकांनी टाकून दिलेली पुस्तके ती मुलीसाठी घरी आणी. मुलगी उंच, अतिशय लाजाळू. शिवाय अक्षरे जुळवून वाचणे जड जावे अशी, ज्यास डिस्लेक्सिया म्हणतात ती, अडचण तिच्या वाट्यास आलेली. तरीही सार्वजनिक ग्रंथालय हेच तिचे दुसरे घर झाले. दहाव्या वर्षी आईजवळ हट्ट धरून तिने टाइपरायटर मिळविला. बाराव्या वर्षी मंगळावरून आलेल्या स्त्रीचा एक सुमार चित्रपट टेलिव्हिजनवर पाहून, याहून बरी कथा आपणही लिहू शकू, असे तिच्या मनाने घेतले. आपल्या लोकांना लेखक होता येत नसते, असे नात्यातील एका बाईने तिला बजाविले होते. पण तिची लेखणी थांबली नाही.

१९७० साली क्लॅरियन नावाच्या सहा आठवड्यांच्या लेखन-कार्यशाळेत तिला प्रवेश मिळाला. नवोदितांनी कथा लिहाव्या, एकमेकांच्या तपासाव्या आणि नामवंत लेखकांकडून दोष समजून घ्यावे, अशी तेथील रीत. त्यानंतरही सुमारे पाच वर्षे नकारपत्रेच येत राहिली. भांडी घासणे, कारखान्यात बटाट्याचे काप तपासणे, अशी मिळतील ती कामे करावी आणि उत्तररात्री दोन वाजता उठून लिहावे, हा तिचा क्रम होता. अखेर १९७६ साली 'पॅटर्नमास्टर' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

विज्ञानकथा म्हणजे केवळ अजब यंत्रांची करमणूक, असा पुष्कळांचा समज असतो. बटलरबाईंची 'किंड्रेड' (१९७९) ही कादंबरी तो समज दूर करते. डाना ही १९७६ मधील कृष्णवर्णीय तरुणी एकाएकी एकोणिसाव्या शतकातील मेरीलंडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर, ओढली जाते. मळेवाल्याचा मुलगा रूफस हा तिचाच पूर्वज. त्याचा जीव धोक्यात आला की तिला जावे लागते, आणि त्यास वाचवावेही लागते. नाहीतर तिचे कुळच जन्मास येणार नाही. काळातून जाण्याचे यंत्र या कथेत कोठेच नाही. एका कल्पनेच्या योगाने लेखिका आपणांस विचारते: अपमान गिळून जगलेल्या वाडवडिलांना भित्रे म्हणण्याचा अधिकार तुम्हांस आहे काय? मागील दाराने जाणाऱ्या आईची बाईंना लहानपणी लाज वाटे. त्याच दाराने घरात अन्न येत होते, हे पुढे त्यांस उमगले. 'किंड्रेड'चे बीज येथे आहे.

१९९३ च्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' या कादंबरीची कथा २०२४ साली सुरू होते. पाण्याची टंचाई, वणवे आणि भिंतीआड भयाने राहणारी माणसे यांचे चित्र तीत आहे. हे भविष्यकथन नव्हे. आजची चूक तशीच चालू राहिली तर उद्या काय होईल, हे तर्काने ताडून पाहणे ही विज्ञानकथेची पद्धत होय.

२४ फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बटलरबाई निवर्तल्या. त्यानंतर त्यांच्या वाचकांनी व लेखकमित्रांनी जे केले ते मननीय आहे. कार्ल ब्रँडन सोसायटी या संस्थेने त्याच वर्षी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती स्थापन केली. गोरेतर समाजांतील नवोदितांनी क्लॅरियन व सिएटल येथील क्लॅरियन वेस्ट या कार्यशाळांत शिकावे, हा तिचा हेतू. २००७ पासून ती दिली जाऊ लागली. ज्या दाराने बाई स्वतः आत आल्या, तेच दार वाचकांनी पुढच्यांसाठी उघडे ठेविले.

पुढची गोष्ट याहून हृद्य आहे. बाईंच्या वह्या व हस्तलिखिते पॅसाडीनाशेजारच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. तीनशेहून अधिक पेट्या भरल्या आहेत. १९८८ च्या एका वहीत त्यांनी स्वतःशीच संकल्प लिहिले होते. आपली पुस्तके सर्वाधिक खपणाऱ्यांत येतील, हा एक. आणि गरीब कृष्णवर्णीय मुलांना आपण क्लॅरियनसारख्या कार्यशाळांत पाठवू, हा दुसरा. ही वही लोकांपुढे येण्यापूर्वीच वाचकांनी दुसरा संकल्प पुरा करण्यास आरंभ केला होता! पहिला २०२० साली पुरा झाला. 'पॅरेबल ऑफ द सोअर' न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या यादीत आली.

२०२१ साली मंगळावर यान उतरले त्या जागेस बाईंचे नाव मिळाले. २०२२ मध्ये त्या शिकल्या त्या शाळेलाही. हे गौरव त्यांस शोभणारेच आहेत. पण नाव देण्याने स्मृती टिकते, आणि शिष्यवृत्तीने नवा लेखक घडतो. ऋषिऋण फेडणे ते हेच.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेतील पुष्कळांच्या घरी कोंकणी बोलतात, आम्हीही त्यांतलेच. ग्रंथ लिहिणारी माणसे कोणी निराळी, आपण फक्त वाचावयाचे, असे यामुळे अनेकांच्या मनात नकळत घर करून असते. शिवाय प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी वाचताना अडखळते आणि हसण्याचा विषय होते. त्या मुलीची वही आजवर कोणी उघडून पाहिली आहे काय? एखादे पुस्तक तुम्हांस मनापासून आवडले, तर लेखकाचे ऋण फेडण्यास दूर जावयास नको. ते पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसा, एक पान तुम्ही वाचा, एक तिला वाचू द्या. आणि शेवटी तिच्या मनात आलेली गोष्ट तिला लिहावयास सांगा.