स्वस्त डिझेल गाडी घ्यावी का?

प्रश्न : आठवड्यातून एकदा आईला भोकरहून नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं. बजेट चार लाख. दहा वर्षं जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय. पहिलीच गाडी आहे. डिझेल परवडतं म्हणतात, घेऊ का?
– एक शिक्षिका, भोकर

उत्तर : ताई, ही गाडी नको. डिझेल परवडतं ते रोजच्या लांब धावेला. तुमचं फिरणं महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर. वाचलेले पैसे जुन्या इंजेक्टरच्या एका दुरुस्तीत जातील.

पाच-सहा वर्षं वापरलेली पेट्रोल वॅगन आर पाहा. सीट उंच असल्यानं आईंना चढता-उतरता त्रास होणार नाही. अल्टो स्वस्त पडते, पण तिची बैठक खाली आहे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघा; मालकानं आधीच सुरू करून ठेवली असेल तर पुन्हा जा. पायाखालचं मॅट उचलून ओल, गंज तपासा. सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30, कर्ज असल्यास बँकेची एनओसी व फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमा 14 दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्या. टायर-बॅटरीसाठी तीसेक हजार बाजूला ठेवा.