मालकाचं राजकारण आणि गिऱ्हाइकाचा खिसा

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीने उत्तम चालणारी टेस्ला विकून टाकली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मालकाचं राजकारण पटत नाही.’ अशा बहिष्काराने एवढ्या मोठ्या कंपनीला खरंच झळ बसते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसते, पण दर वेळी नाही. लोक किती चिडले यापेक्षा, चिडलेले लोक त्या मालाचे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत का, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आधी झळ न बसल्याचं उदाहरण घेऊ. ‘गोया’ ही डबाबंद कडधान्यं आणि मसाले विकणारी अमेरिकी कंपनी. लॅटिन अमेरिकी वंशाच्या घरांत तिचे डबे पिढ्यान् पिढ्या येतात. जुलै २०२०मध्ये कंपनीचे प्रमुख रॉबर्ट उनान्वे यांनी व्हाइट हाउसमध्ये जाऊन ट्रम्प यांचं तोंडभर कौतुक केलं. स्थलांतरितांविषयीच्या ट्रम्प यांच्या धोरणाने आधीच दुखावलेले लोक भडकले आणि बहिष्काराची हाक आली. ट्रम्पसमर्थकांनी उलट गाड्या भरभरून गोयाचे डबे नेले. पुढे कॉर्नेल आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतल्या संशोधकांनी खरेदीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की विक्री घटण्याऐवजी २२ टक्क्यांनी वाढली होती आणि तीन आठवड्यांत ती वाढही विरली. समर्थकांनी हौसेने एकदा डबे नेले, पण त्यांच्या स्वयंपाकात तो जिन्नस नव्हताच. आणि ज्यांच्या स्वयंपाकात होता, त्यांनी तो सोडला नाही.

टेस्लाचं नेमकं उलटं झालं. अमेरिकेत विजेवरची गाडी घेणाऱ्यांत पर्यावरणाची काळजी करणारे, डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले लोक फार मोठ्या संख्येने होते. आपल्या घरासमोर टेस्ला उभी असणं हा त्यांच्या विचारांचाच भाग होता. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२४च्या निवडणुकीत ट्रम्प आणि रिपब्लिकन उमेदवारांसाठी २५ कोटी डॉलरांहून अधिक ओतले, मग सरकारी खर्चाला आणि नोकऱ्यांना कात्री लावण्याचं काम हाती घेतलं. जर्मनीत त्यांनी ‘एएफडी’ या कडव्या उजव्या पक्षाला उघड पाठिंबा दिला. दुखावले गेले ते थेट टेस्लाचे गिऱ्हाईक. फेब्रुवारी २०२५पासून शोरूमबाहेर निदर्शनं सुरू झाली. मस्क कसे आहेत हे कळण्याआधी ही गाडी घेतली होती, अशा अर्थाचे स्टिकर लोक आपल्याच गाड्यांवर लावू लागले. रिपब्लिकन मतदार ही जागा भरून काढतील अशी आशा होती, पण विजेच्या गाडीचं त्यांना मुळातच फारसं आकर्षण नव्हतं.

२०२५च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने सुमारे ३ लाख ३७ हजार गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा त्या १३ टक्क्यांनी कमी होत्या, आणि नफा तर ७१ टक्क्यांनी घसरला. हे सगळं बहिष्काराच्या खात्यावर टाकणं मात्र चूक ठरेल. त्याच काळात ‘मॉडेल वाय’च्या नव्या आवृत्तीसाठी कारखान्यांत फेरबदल चालू होते आणि चिनी कंपन्यांची स्पर्धा वाढत होती. नॉर्वेत तर त्या वर्षी टेस्लाची विक्री चक्क वाढली. तरीही येल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांचा ऑक्टोबर २०२५मधला अंदाज थक्क करणारा आहे. मस्क राजकारणात पडले नसते, तर ऑक्टोबर २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात अमेरिकेत टेस्लाच्या १० लाखांहून जास्त गाड्या अधिक खपल्या असत्या, असं ते सांगतात. शिवाय टेस्लाकडून वळलेल्या गिऱ्हाइकांमुळे इतर कंपन्यांच्या विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांची विक्री वाढली. म्हणजे लोकांनी वीज सोडली नाही, दुकान बदललं. चांगला पर्याय हाताशी असला की बहिष्कार टिकतो, तो असा.

तुमच्या भाचीच्या गाडीचे पैसे कंपनीला कधीच पोचले होते, त्यामुळे त्या विक्रीचा थेट फटका टेस्लाला बसला नाही. जुन्या गाड्या बाजारात फार आल्या की त्यांचे भाव पडतात आणि नवी घेणाराही बिचकतो, एवढाच आडून होणारा परिणाम. तिची पुढची गाडी कोणती असेल, ते खरं महत्त्वाचं. तिने केलं ते मला पूर्ण रास्त वाटतं. आपला पैसा कुणाच्या हाती जावा हे ठरवण्याचा तिला हक्क आहे. पण त्याच काळात काहींनी गाड्या आणि शोरूम पेटवले, त्याला बहिष्कार म्हणता येणार नाही. त्यात जळली ती दुसऱ्याची मालमत्ता, आणि जीव धोक्यात आला तो तिथे काम करणाऱ्यांचा.

मोठी झळ कशाने बसते याचं एक जुनं उदाहरण कोलोरॅडोतल्या ‘कूर्स’ बिअरचं आहे. जोसेफ कूर्स यांनी १९७३मध्ये ‘हेरिटेज फाउंडेशन’ ही उजव्या विचारांची संस्था उभी करायला अडीच लाख डॉलर दिले. मालक कुटुंबाचं हे राजकारण आणि कारखान्यातलं कामगारविरोधी वागणं, दोन्हींविरुद्ध लोक एकवटले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी समाजाच्या बारमधून ही बिअर हद्दपार झाली. त्यासाठी तिथल्या समलिंगी समाजाचे नेते हार्वे मिल्क यांनी ट्रकचालकांच्या संघटनेशी हातमिळवणी केली होती. १९७७च्या संपानंतर ‘एएफएल-सीआयओ’ या कामगार महासंघाने देशभर बहिष्कार पुकारला आणि तो दहा वर्षं चालवला. त्यामागे संघटना होती, नेमक्या मागण्या होत्या, म्हणूनच १९८७मध्ये कंपनीला वाटाघाटींना बसून समझोता करता आला.

टेस्लाच्या बाबतीत असा समझोता कशावर करणार? मे २०२५च्या अखेरीस मस्क सरकारी कामातून बाहेर पडले, तरी दुरावलेले बरेच लोक परतले नाहीत, कारण त्यांचा आक्षेप कंपनीच्या एखाद्या धोरणापेक्षा त्या माणसावरच आहे. आणि तो माणूस हलवणं भागधारकांच्या हाती. त्यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये ७५ टक्क्यांहून अधिक मतांनी मस्क यांना, ठरलेली उद्दिष्टं गाठल्यास, जवळपास एक लाख कोटी डॉलरपर्यंतचे शेअर देण्याची योजना मंजूर केली.