खडी क्रशरचं कोटेशन वाचायला शिका: मशीनची रचना आणि तुमचा हप्ता



क्रशरचा व्हिडिओ ज्यांनी बघितलाय, त्यांच्यासाठी हा लेख म्हणजे त्या व्हिडिओची वही. ज्यांनी बघितला नाही, त्यांनी थेट इथून सुरुवात केली तरी चालेल. फक्त एक कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, आज हिशोब करायचाय.

गेल्या बॅचमध्ये सातारा जिल्ह्यातला एक तरुण मशीनचं कोटेशन घेऊन आला होता. म्हणाला, "सर, ३६ बाय २४ चा जॉ क्रशर आहे, ताशी शंभर टनांचा. वडिलांची दोन एकर जमीन तारण ठेवतोय. घेऊ का?"

मी त्याला तीन प्रश्न विचारले. कुठल्या साइजचा माल विकणार? दगड कुठल्या खाणीचा? आणि हे शंभर टन किती सेटिंगला? तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे नव्हती, कोटेशनमध्येही नव्हती. पण बँकेचा हप्ता मात्र शंभर टन धरून काढलेला होता.

म्हणून आज आपण मशीनची रचना शिकणार आहोत. तुम्हाला इंजिनिअर व्हायचं नाही, पण कोटेशनवरच्या आकड्यामागे काय आहे ते कळलं पाहिजे.

१. अडकित्ता आणि सुपारी

जॉ क्रशर म्हणजे मोठा अडकित्ता. एक जबडा स्थिर, दुसरा हलता. वरून तोंड मोठं, खाली अरुंद. दगड वरून पडतो, दोन जबड्यांत दाबला जाऊन फुटतो, थोडा खाली सरकतो, पुन्हा दाबला जातो. खालच्या फटीतून बसेल एवढा लहान झाला की बाहेर पडतो.

ही कल्पना आहे अमेरिकेतल्या एली व्हिटनी ब्लेक यांची. रस्त्यासाठी लागणारी खडी तेव्हा माणसं हातोड्याने फोडायची. ते काम बघून ब्लेक यांनी हे मशीन बनवलं आणि १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज तुमच्या तालुक्यात चालणाऱ्या जॉ क्रशरचा मूळ सांगाडा तोच आहे.

आता अडकित्ता फार उघडून मोठी सुपारी धरून बघा. ती कातरली जात नाही, पुढे निसटते. क्रशरचंही तसंच. दोन जबड्यांमधला कोन फार मोठा झाला की दगड फुटायच्या ऐवजी वर उडतो. म्हणून हा कोन साधारण २० ते २६ अंशांत ठेवतात. चिखल लागलेला ओला दगड जास्त निसटतो. म्हणूनच क्रशरच्या आधी माती आणि मुरूम गाळणारी जाळी लागते. ती जाळी काढून पैसे वाचवायला सांगणारा तुमचा हितचिंतक नाही.

२. '३६ बाय २४' मध्ये टन कुठे लिहिलेत?

कुठेच नाही. ३६ इंच म्हणजे तोंडाची लांबी, २४ इंच म्हणजे वरच्या तोंडाची उघडझाप होणारी रुंदी. यावरून एवढंच कळतं की आत किती मोठा दगड जाईल. साधारण नियम असा की रुंदीच्या ८० ते ८५ टक्के. म्हणजे २४ इंचाच्या तोंडाला २० इंचाचा, म्हणजे साधारण ५०० मिलिमीटरचा दगड. त्यापेक्षा मोठा आला तर तोंडावरच अडकून बसतो आणि तो काढेपर्यंत अख्खा प्लांट थांबतो.

टन ठरतात ते खालच्या फटीवरून. यालाच सेटिंग म्हणतात. एक जुना ठोकताळा आहे: तोंडाची लांबी इंचात, गुणिले खालची फट (जबडा पूर्ण उघडा असताना) इंचात, गुणिले ०.६. उत्तर अमेरिकन टनात येतं, आपल्या टनात आणायला पुन्हा ०.९ ने गुणा.

३६ इंचाच्या मशीनला लावून बघा:

- फट २ इंच: ताशी साधारण ४० टन
- फट ३ इंच: ताशी साधारण ६० टन
- फट ४ इंच: ताशी साधारण ७८ टन

मशीन तेच, मोटार तीच, उत्पादन जवळजवळ दुप्पट. ठोकताळा जुना आहे, चांगलं आधुनिक मशीन यापेक्षा जास्त देऊ शकतं. पण एक गोष्ट पक्की: सेटिंग न सांगता सांगितलेल्या टनांना काही अर्थ नाही.

आपल्या पोराला ३ इंचांच्या सेटिंगवर चालवायचं होतं. आता ब्रासमध्ये मोजू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि खडीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. ताशी १०० टन आणि आठ तास धरले तर रोजचे १७७ ब्रास. ताशी ६० टन धरले तर १०६ ब्रास. रोज ७१ ब्रासचा फरक! खाणीचा खर्च, मजुरी, हप्ता सगळं १७७ वर बसवलेलं. जमीन जाते ती अशी. मशीन चांगलं असतं, हिशोब चुकलेला असतो.

३. एकाच मशीनमधून २० एमएम का निघत नाही?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. "सर, जॉ क्रशरची फट एकदम कमी केली तर?"

जॉ क्रशर एका दमात दगड साधारण चार ते सहा पट लहान करतो. तुमचा दगड ५०० एमएम, माल हवा २० एमएम. ५०० भागिले २० म्हणजे २५ पट. एका मशीनला हे जमत नाही. पण पाच पट आणि पुन्हा पाच पट, म्हणजे दोन टप्पे केले की जमतं. पहिला जॉ क्रशर ५०० चा १०० करतो, दुसरं मशीन १०० चा २० करतं. मध्ये आणि शेवटी चाळणी. चाळणीवर राहिलेला मोठा माल पट्ट्यावरून परत दुसऱ्या मशीनमध्ये जातो. हा परत फिरणारा माल धरूनच दुसऱ्या मशीनची साइज ठरवा, नाहीतर पहिलं मशीन मोकळं उभं राहील आणि दुसरं गुदमरेल.

४. फेरे वाढवले की माल वाढतो का?

काही जण पुली बदलून वेग वाढवतात. जरा विचार करा. हलता जबडा मागे गेला की फुटलेला दगड खाली पडतो. त्याला पडायला वेळ लागतो. मिनिटाला ३०० फेरे असतील तर जबडा मागे जाण्याचा वेळ एक दशांश सेकंद. तेवढ्यात दगड साधारण ५ सेंटिमीटर पडतो. फेरे ६०० केले तर वेळ निम्मा होतो, पण दगड सव्वा सेंटिमीटरच पडतो! निम्मा नाही, चौथा हिस्सा. दगड बाहेर पडायच्या आत जबडा पुन्हा मिटतो. तोच माल पुन्हा चुरला जातो, भुकटी वाढते, वीज वाढते. म्हणून जॉ क्रशर सहसा २०० ते ३५० फेऱ्यांत चालतात. उत्पादकाने दिलेला वेग बदलू नका.

आणि ती दोन मोठी चाकं, फ्लायव्हील, कशासाठी? जबडा अर्ध्या फेऱ्यात दगड दाबतो, अर्ध्या फेऱ्यात रिकामा मागे जातो. रिकाम्या अर्ध्या फेऱ्यात चाकं ताकद साठवतात आणि दाबताना परत देतात. त्यामुळे मोटार लहान घेता येते.

५. दगड कुठला, ते आधी सांगा

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर उभा आहे. वणी, कोरपना भागात चुनखडी मिळते. पूर्व विदर्भात ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जांभा. सगळ्यांना एकच मशीन चालत नाही.

फ्रेड बॉन्ड या अमेरिकन अभियंत्याने १९५२ मध्ये दगड फोडायला किती ऊर्जा लागते याचं सूत्र मांडलं. त्यात प्रत्येक दगडाला एक अंक असतो. चुनखडीचा साधारण १२, बेसाल्टचा साधारण २०. म्हणजे त्याच साइजला काळा दगड फोडायला दीडपटीहून जास्त ऊर्जा. चुनखडीच्या खाणीवर मशीन बघून आलात आणि तेच आकडे काळ्या दगडाला लावलेत, तर फसलात.

याच सूत्राने काळ्या दगडाचा हिशोब केला तर ४०० एमएमची २० एमएम खडी करायला टनामागे एक ते सव्वा युनिट लागतं. आणि त्या २० एमएमची ४ एमएम वाळू करायला? पावणेदोन ते दोन युनिट! एवढा मोठा धोंडा फोडून खडी करायला जेवढी वीज लागते, त्यापेक्षा जास्त त्या खडीची वाळू करायला. बारीक माल महाग का, याचं उत्तर इथे आहे. मशीन रिकामं फिरणं, पट्टे, चाळण्या यांची वीज वेगळी. क्रश सँडच्या धंद्यात उतरणाऱ्यांनी हे दोन आकडे वहीत चौकोन करून लिहा आणि आपल्या बिलातल्या दराने गुणा.

६. झीज: दर महिन्याचा न दिसणारा हप्ता

जबड्यांवर मँगनीज स्टीलच्या प्लेटा असतात. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाने १८८२ मध्ये हे पोलाद शोधलं. त्यात साधारण १२ ते १४ टक्के मँगनीज असतं. गंमत अशी की हे पोलाद मार खाल्ल्यावर वरून कडक होतं आणि आतून चिवट राहतं. तरीही प्लेट झिजतेच, आणि खालच्या बाजूला जास्त झिजते. म्हणून ती वेळेवर उलटी करून बसवतात. तेवढ्या एका कामाने प्लेट बरीच जास्त चालते. उशीर केलात तर मागचा भागही खराब होतो.

इथे मशीनचा प्रकारही महत्त्वाचा. डबल टॉगल मशीनमध्ये जबडा मुख्यतः पुढे-मागे हलतो. सिंगल टॉगलमध्ये तो वर-खालीही घासतो. सिंगल टॉगल हलकं, स्वस्त, उत्पादनाला जास्त. पण कडक, घासणाऱ्या दगडात प्लेटा लवकर खातं. किंमत कमी म्हणून सिंगल टॉगल घेताना वर्षाला प्लेटांचे किती सेट लागतील ते विचारा. विक्रेत्याला नाही, तसाच दगड फोडणाऱ्या चालू क्रशरवाल्याला.

७. जो पार्ट तुटायलाच बनवलाय

हलत्या जबड्याच्या मागे टॉगल प्लेट असते. ही मुद्दाम कमजोर केलेली असते. दगडाबरोबर पोकलेनच्या बकेटचा तुटलेला दात आत आला, तर लोखंड फुटत नाही. मग काहीतरी तुटणारच. टॉगल प्लेट तुटली तर काही तासांचं काम आणि थोडा खर्च. ती नाही तुटली तर शाफ्ट किंवा बॉडी जाते. घरातला फ्यूज जे करतो, तेच काम ती करते.

मी एका प्लांटवर बघितलंय. टॉगल सारखी तुटते म्हणून मालकाने जाड पोलादी प्लेट वेल्डिंग करून बसवली. पुढच्या वेळी लोखंड आलं तेव्हा टॉगल शाबूत राहिली, शाफ्ट मोडला. प्लांट ऐन सिझनमध्ये बंद. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यातलाच प्रकार. टॉगल वारंवार तुटत असेल तर लोखंड आत का येतंय ते शोधा, फीडवर चुंबक लावा, आणि दोन टॉगल कायम स्टॉकमध्ये ठेवा.

८. धूळ नंतर नाही, आधी

गौण खनिजाची परवानगी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आधी उभारणीची आणि मग चालवण्याची, हे दोन्ही मशीनच्या ऑर्डरच्या आधीचे विषय आहेत. पाण्याचे फवारे, मशीनवरचं आच्छादन, वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता, कडेची झाडं हे सगळं पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरा. दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ माणसाच्या फुप्फुसात कायमची बसते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्याचं घर त्याच्या श्वासावर चालतं, हे विसरू नका.

गृहपाठ

कोटेशन मागायच्या आधी या पाच ओळी लिहून काढा आणि विक्रेत्याला द्या:

१. मला विकायचा माल: कुठली साइज, रोज किती ब्रास.
२. माझा दगड: कुठली खाण, सगळ्यात मोठा तुकडा किती.
३. त्या दगडावर, त्या सेटिंगला ताशी किती टन, ते लेखी द्या.
४. प्लेटांचा एक सेट त्या दगडावर किती टन चालतो.
५. टॉगल, बेअरिंग, प्लेटा किती दिवसांत मिळतील.

त्या तरुणाने हेच केलं. विक्रेत्याने लेखी दिलेला आकडा आला ताशी ५५ ते ६० टन. त्याने तो धरून सगळा रिपोर्ट पुन्हा बनवला, आणि आता तो दोन चालू क्रशरवर जाऊन प्लेटांचा हिशोब लिहून घेतोय. मशीन घेईल की नाही माहीत नाही. जमीन अजून तारण गेलेली नाही, एवढं मात्र खरं.

पुढच्या भागात चाळणी आणि पट्टा. तोपर्यंत जवळच्या क्रशरवर एक दिवस उभे राहा, प्लांट किती वेळा आणि कशामुळे थांबतो ते मोजा. भेटू!