पाकीट एक, पाणी पेलाभर

"दात येताहेत, जुलाब होणारच," असं घरात सगळे म्हणाले आणि मीही मान डोलावली. लेक ११ महिन्यांची होती, महिना मे. रांगत जाईल तिथलं उचलून तोंडात घालायची. जुलाबाचं कारण बहुधा तेच असतं, दात उगीच बदनाम होतात. पण हे कळलं नंतर.

दुपारपर्यंत सहा लंगोट झाले, तेव्हा ओआरएसचं पाकीट आणलं. फोडलं, रोजच्या स्टीलच्या पेल्यात ओतलं, वरून उकळून गार केलेलं पाणी घालून ढवळलं. एवढंसं पोर, त्याला लिटरभर पाणी कशाला, असा माझा हिशेब. पाकिटावरच्या बारीक अक्षरांकडे ढुंकून पाहिलं नाही. सासूबाई भाताची पेज घेऊन आल्या, तर "पोटाला आराम हवा" म्हणून मी त्यांनाच परत पाठवलं. शिकलेली ना मी!

पोरगी हावऱ्यासारखी पीत होती आणि तहान वाढतच होती. रात्री नुसती किरकिर, ओठ सुकलेले, पोटाची कातडी हाताला मळलेल्या कणकेसारखी. शेजारच्या आजी म्हणाल्या, "टाळू पडलीय, तेल भर." टाळू खरंच खोल गेली होती, पण अंगातलं पाणी आटल्यावर ती खोल जाते. तेलानं काय होणार?

दवाखान्यात सिस्टरांनी पहिलं विचारलं, "किती पाण्यात कालवलंत?" मी हातानं पेल्याची उंची दाखवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ते पाकीट १ लिटरचं होतं. मी दिलं ते पाणी चौपट-पाचपट खारट. त्यानं रक्तातलं मीठ वाढतं, ते पेशींतलं पाणी ओढून घेतं, मुलाला झटके येऊ शकतात. आमचं नशीब, तिथवर गेलं नाही. दोन रात्री सलाइन लागलं, तेही मुद्दाम सावकाश, कारण मीठ झपाट्यानं उतरवलं तर मेंदूला सूज येऊ शकते.

ओआरएसमध्ये मापालाच सगळं मोल आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा तोलून पिशव्या भरल्या. त्यांचं पाणी करून रुग्णांना घरच्याच माणसांनी पाजलं.

तर आधी पाकीट वाचा. २०० मिलीचीही पाकिटं मिळतात, त्यामुळे अंदाज नको. मोठ्या पाकिटाला लिटरची बाटली काठोकाठ मोजून घ्या. पाकीट अर्धं करून चिमटीनं घालू नका. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, अजून सावकाश. (कंटाळा येतो. माझा एक हात वाटीला आणि एक डोळा घड्याळाला असायचा.) अंगावरचं दूध तोडू नका. पेज, मऊ वरणभात, केळं चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या डॉक्टर १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी त्या पुऱ्या करा. मोठ्यांची जुलाब बांधणारी गोळी मुलाला द्यायची नाही.

शीमध्ये रक्त दिसलं, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं किंवा पिईनासं झालं, तर चमचा ठेवा आणि दवाखाना गाठा. जाताना पाकिटाचं रिकामं वेष्टन बरोबर न्या.

पुढे धाकट्याला जुलाब झाले, तेव्हा सासूबाईंनी आधी बाटली पुढे केली, मग पेज. आणि पेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मी वर माळ्यावर टाकू का गं?"