अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा आणि सकारण निर्णय

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• माजी सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्याचे टप्पे सांगता येतील.
• सकारण आणि कारणविरहित निर्णय यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अपिलाचा मुद्देसूद मसुदा तयार करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कार्यालयीन भाषेतील एखादे लहानसे वाक्य माणसाच्या उपजीविकेवर परिणाम करू शकते. ‘सदर आजार लष्करी सेवेशी संबंधित नाही’ हे असेच एक वाक्य आहे. ते कोठे लिहिले जाते आणि त्याला आव्हान कसे द्यावे, हे या पाठात पाहू.

२. दाव्याचे टप्पे

सैनिक सेवेतून मुक्त होताना वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते. मंडळाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : अपंगत्व किती टक्के आहे, आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा बळावले आहे काय? अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. दावा नाकारल्यास प्रथम अपील व द्वितीय अपील करता येते. त्यानंतर २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. अर्जाच्या कामी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य मिळते.

३. धरमवीर सिंग प्रकरण

१९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झालेल्या एका सैनिकाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये, फेफऱ्याच्या विकारामुळे सेवामुक्त करण्यात आले. त्याचे अपंगत्व २० टक्के ठरले. परंतु विकार सेवेशी संबंधित नाही, असे मंडळाने नोंदविले व निवृत्तिवेतन नाकारले गेले.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैनिकाच्या बाजूने निर्णय दिला. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो पुढे सेवामुक्तीस कारण ठरल्यास सेवेतच उद्भवला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. भरतीच्या तपासणीत तो आजार ओळखता आला नसता, असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे नोंदविलीच पाहिजेत. या प्रकरणात तशी कारणे नव्हती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा निर्णय १९८२ च्या नियमांवर आधारलेला आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. म्हणून सेवामुक्तीची तारीख पाहून कोणते नियम लागू होतात, हे प्रथम ठरवावे.

४. भाषेचा विचार

पुढील दोन नमुना वाक्ये पाहा.

(अ) ‘माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, तरी कृपा व्हावी.’
(आ) ‘भरतीच्या वेळच्या तपासणीत या आजाराची नोंद नाही. मंडळाने आपल्या मताचे कारण दिलेले नाही. सबब निर्णयाचा फेरविचार व्हावा.’

पहिल्या वाक्यातील वेदना खरी असेल, पण अधिकाऱ्याला त्यातून तपासण्याजोगे काही मिळत नाही. दुसऱ्या नमुन्यात दोन पडताळता येणारी विधाने आणि त्यांवर आधारलेली मागणी आहे. अर्जदार कृपा मागत नाही, हक्क मांडतो.

मात्र सुधारणेचा सगळा भार अर्जदाराच्या लेखणीवर टाकणे योग्य नव्हे. मंडळाने सुरुवातीलाच सकारण मत लिहिले, त्याची प्रत सैनिकाला दिली आणि त्याला समजेल अशा भाषेत ते सांगितले, तर योग्य दावा लवकर मान्य होईल आणि अयोग्य दावा का नाकारला, हेही कळेल. उपरोक्त सैनिकाला न्याय मिळेपर्यंत १९ वर्षे लोटली होती, हे लक्षात घ्या.

५. सारांश

निर्णय देणाऱ्याने कारण देणे हे सौजन्य नसून कर्तव्य आहे. कारण लिहिलेले असेल तरच त्याचा प्रतिवाद करता येतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. वैद्यकीय मंडळाला कोणत्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात?
२. धरमवीर सिंग प्रकरणात सिद्धतेची जबाबदारी सैनिकावर का नव्हती?
३. एका काल्पनिक माजी सैनिकासाठी १५० शब्दांत प्रथम अपिलाचा मसुदा लिहा.