मातीच्या भिंतीला सिमेंट फासू नका

राजापूर तालुक्यातलं आमचं घर मातीच्या कच्च्या विटांचं. भिंती दीड हात जाड. दरवर्षीचं सारवण-लिंपण कशाला करता, एकदाच सिमेंटचा गिलावा मारा आणि जन्माची काळजी मिटवा, असं ठेकेदारानं वडिलांना पटवलं. घर छान गुळगुळीत दिसू लागलं.

दोन-तीन पावसाळ्यांनी आतल्या बाजूला पोपडे सुटले. बाहेरून भिंत ठोकली, तर जागोजागी बद्द आवाज. छिन्नी लावताच गिलाव्याचा पत्राच्या पत्रा निघून आला. मागची माती इतकी ओली की बोट सहज रुतत होतं, आणि त्याच ओलीतून वाळवी थेट वाशापर्यंत चढलेली.

यात मातीचा दोष नव्हता. मातीची भिंत हवेतली ओल घेते आणि उन्हं आली की सोडते. सिमेंटचा थर कडक असतो, मातीबरोबर हलत नाही, म्हणून त्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं, पण सिमेंटमुळे बाहेर पडू शकत नाही. वरून धडधाकट दिसणारी भिंत आतून कुजत राहते.

म्हणून मातीवर मातीचाच किंवा चुन्याचा गिलावा करा. चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस मुरू द्यावा, मग एकास तीन वाळू. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे उन्हात भराभर सुकू देऊ नये, हलकं पाणी मारत राहावं. सिमेंट काढल्यावर लगेच नवा थर चढवायची घाई नको; आधी भिंत पुरती वाळू द्या. आम्ही दिवाळीनंतर काम काढलं, ते याचसाठी.

गिलाव्याहूनही मोलाचं काम छप्पर आणि जोतं करतात. वळचण दोन-अडीच फूट बाहेर हवी, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडतं. जोतं जांभ्या चिऱ्याचं, दीड-दोन फूट उंच. कोकणात झड पश्चिमेकडून येते, म्हणून जुन्या घरांना त्या बाजूला पडवी असे. आज जागा वाचवायला पहिली पडवीच उडवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

किल्लारीचं नाव काढून लोक मातीला घाबरतात. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या भूकंपानं हजारो जीव घेतले, ही भीती खोटी नाही. पण तिथं माळवदाचं प्रचंड वजन होतं, आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे दोन पदर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते. छप्पर हलकं ठेवा, खिडक्या-दारांच्या वर सलग पट्टा फिरवा, कोपरे नीट बांधा. मातीच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आय. एस. 13827 हे मार्गदर्शक आहे. इंजिनिअरला ते वाचायला लावा.

स्वस्ताईचंही स्पष्ट सांगते. आवारातलीच माती वापरली तर सामानाचा खर्च वाचतो, मजुरी मात्र वाढते. तो पैसा गावातल्याच गवंड्याच्या हातात जातो, हे मला पटतं. काम देण्याआधी त्यानं बांधलेलं, चार-पाच पावसाळे काढलेलं एखादं घर भर श्रावणात स्वतः जाऊन बघा आणि भिंतीला हात लावून बघा.