कोर्टाची पायरी चढण्याआधी

औंध, जि. सातारा

चि. बाळू,

तुझा मेल वाचला. सूनबाई छकुलीला घेऊन विट्याला माहेरी आली ती परतायला तयार नाही, आणि तू न्यू जर्सीच्या कोर्टाचा आदेश घेऊन कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे हेबियस कॉर्पस लावणार म्हणतोस. लाव, हक्क आहे तुझा. पण त्या कागदावर फार भिस्त ठेवू नकोस. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतचा १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही. परदेशी आदेश ही लक्षात घ्यायच्या गोष्टींपैकी फक्त एक, मुलाचं हित आम्ही स्वतः पाहू, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. त्याच न्यायालयाने २०२० मध्ये एका आईला मुलीसह अमेरिकेला परतायलाही लावलं. तेव्हा पारडं कुठेही झुकेल. एक जुना खटला मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयापासून दिल्लीपर्यंत गेला. तान्हं असताना अमेरिकेतून आणलेलं ते पोर १९९७ च्या अंतिम निकालापर्यंत बारा वर्षांहून जास्त काळ इथेच वाढलं होतं. आईकडेच राहिलं, दुसरं काय होणार?

म्हणून आधी मध्यस्थीला बस. बस म्हणजे दोन्हीकडच्या काका-मामांची बैठक भरव असं नव्हे. आपल्या औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये कारभार गावोगावच्या पंचांच्या हाती सोपवला, याचा औंधकर म्हणून मला अभिमान आहे. तरी पंच निवाडा देतात, मध्यस्थ देत नाही. बैठकीत दहा जणांच्या तोंडाकडे बघून सूनबाई हो म्हणेल आणि महिन्याभरात फिरेल. बर्लिनची मिक्क ही संस्था अशा वादांत शक्यतो दोन मध्यस्थ बसवते: एक स्त्री, एक पुरुष, दोघं दोन देशांशी नातं असलेले, एक कायद्यातला, एक मानसशास्त्र जाणणारा. तसं जमलं तर उत्तम. व्हिडिओवरही होतं, तुझी सकाळ ती आमची संध्याकाळ.

तिथे ‘छकुली कुणाची’ यावर भांडू नकोस. ती परत का येत नाही ते विचार. तिचा एच-४ व्हिसा तुझ्या नोकरीला बांधलेला. घटस्फोट झाला की तोही गेला. मग ती तिकडे कशाच्या जोरावर राहणार, घरभाडं कोण भरणार? याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर तुझा मुद्दाच लंगडा आहे, रागावलास तरी चालेल. तिकडे मूल असं देशाबाहेर नेणं १९९३ पासून संघीय गुन्हा आहे. रागाच्या भरात तक्रार देऊ नकोस. एकदा दिली की मागे घेणं तुझ्या एकट्याच्या हातात राहत नाही, आणि अटकेच्या भीतीने ती विमानातच बसणार नाही. तिनेही इथे छळाची फिर्याद दिली असेल तर दोन्हींचा निपटारा एकाच करारात व्हावा. पासपोर्ट कुणाकडे, तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, उन्हाळ्याची सुट्टी कुठे, रोजचा फोन किती वाजता, सगळं लिहून काढा. २०२० च्या त्या निकालात व्हिडिओ कॉलचाही विचार झालाय.

मध्यस्थापुढचं बोलणं गोपनीय राहतं. मुलाशी बोललेल्या समुपदेशकाचा अहवाल मात्र ताब्याच्या वादात कोर्ट पाहू शकतं, हे २०१९ मध्ये ठरलंय. तेव्हा छकुलीला पढवू नकोस.

आणि करार नुसता सह्या करून ठेवू नका. इथल्या कोर्टात संमतीचा आदेश आणि न्यू जर्सीत तसाच जुळा आदेश, दोन्ही हातात आल्यावरच तिकीट काढा. नैरोबीतल्या एका वडिलांना २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच जुळ्या आदेशाच्या अटीवर मुलगा दिला. त्या वडिलांनी केलेली फसवणूक उघड झाली, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला. पण मुलगा तोवर केनियात पोचला होता. सूनबाईच्या वकिलाला हे पाठ असेल, तेव्हा हमी मागितली म्हणून अपमान मानू नकोस.

मी तिला फोन करावा असं वाटत असेल तर कळव. मध्यस्थ मात्र मी होणार नाही. मी तुझी आत्या आहे, हे तीही जाणते.

तुझी,
आत्या